स्लॅबखालचा उन्हाळा

नांदेडहून लातूरकडे निघालेली एस. टी. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत जाते. भर वैशाखात या वाटेला शहाणा माणूस लागत नाही. पण परीक्षांच्या कामापायी मला ती वाट पुष्कळदा तुडवावी लागली आहे. पारा चाळिशीच्या वर गेलेला, खिडकीतून येणारा वारा म्हणजे तव्यावरून आलेली वाफ! अशा वेळी गाडी एखाद्या गावात थांबली की माझी नजर आपसूक माळवदांकडे वळते.

पुण्यामुंबईच्या वाचकांना माळवद ठाऊक नसेल. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर चोपून बसविलेला पांढऱ्या मातीचा हातभर थर. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद. बाहेर आग पाखडली जात असताना आत पाऊल टाकावे तो गार अंधार डोळ्यांवर येतो. यात जादू काही नाही. एवढी जाडी ओलांडून ऊन आत पोचेपर्यंत दिवस कलतो, आणि उशिरा पोचते तेही मवाळ होऊन.

नांदेड शहरात ही घरे आता शोधावी लागतात. 2005 साली देशात नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले, त्यात नांदेडचे नाव आले, आणि गरिबांच्या वस्त्यांतून झोपड्यांच्या जागी पक्की घरे उठली. पावसाळ्यात अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात बसणे संपले, ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीपासून ते खाली ओततो. पंखा बिचारा तीच तापलेली हवा गरगरा फिरवितो. अशा घरातली मुले वर्गात डुलक्या घेतात, तेव्हा मी त्यांच्यावर रागावत नाही.

याच गोष्टीचे मोठे रूप पाहायचे तर लातूरहून औसा, लामजना करीत किल्लारीला जावे. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. गणपती बोळवून गाव झोपले होते. चार वाजायला चार मिनिटे असताना धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर मिळाले ते जमिनीच्या मापाने: भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, वर सिमेंटचे छत.

अशाच एका अडीचशे फुटांच्या घरापुढे लिंबाखाली एक म्हातारी तूर निवडीत बसली होती. घर कसे आहे म्हणून विचारले.

“चांगलं हाय की, सर. पडायचं भ्या न्हाई. पर दुपारी आत बसवत न्हाई बगा. पोरगा म्हनतो कूलर घेऊ. मी म्हनलं, त्याला पानी कोन पाजावं?”

म्हातारीने नेमक्या जागी बोट ठेवले. आमच्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, कारण तो पाणी उडवूनच हवा गार करतो. आणि हा तो जिल्हा, जिथे एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले! ज्याचे घर सर्वांत लहान, त्याच्याच डोक्यावरचे छत सर्वांत जवळ. आणि पंख्याचे बिल, कूलरचे पाणी या दोहोंचा भार त्याच्याच कमरेला. धन्याच्या वाड्याला गारवा फुकट होता, तसा तो पूर्वी मजुराच्या माळवदालाही फुकट होता.

मग माती वाईट होती का? मला तसे वाटत नाही. त्या भिंती आतून-बाहेरून दोन स्वतंत्र थरांत रचलेल्या, मध्ये नुसती दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. धक्का बसताच थर फाकले. त्यात गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे वर चढविलेल्या मातीचे ओझे. पण कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. दोष सांध्याचा होता. हद्दपारी मात्र गारव्याला झाली. अर्थात ज्याने स्वतःच्या हातांनी ढिगारा उपसून लेकरे बाहेर काढली, त्याला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्याला त्या वेळी सिमेंटच हवे होते आणि ते त्याला मिळाले, हे बरेच झाले. फक्त नकाशा आखणाऱ्यांनी त्या सिमेंटला वैशाखातली एक दुपार दाखवायला हवी होती.

लोक आपल्यापरीने वाट काढतात. कोणी दारापुढे कडब्याचा मांडव घातला आहे, कोणी स्लॅबवर तुराट्या पसरल्या आहेत. परतताना एका घराच्या गच्चीवर बापलेक चुन्याची बादली घेऊन चढलेले दिसले. पांढरा रंग ऊन परतवितो, हे त्यांना कोणी सांगितले कोण जाणे. अर्धी गच्ची पांढरी झाली होती. खालून घरधनीण ओरडली, “आदी भाकरी खाऊन घ्या, मग चढा!” बापाने “हे एवढं सुकू दे” म्हणून कुंचा पुन्हा बादलीत बुडविला.