जड खटका

"मिस्त्री, खटका लई जड हाय. हलका करून द्या की."

जांबोटीकडचे एक शेतकरी इशापूरची .३१५ रायफल घेऊन दुकानात आले होते. हौसेची शिकार कधीच बंद झाली. ही पीक राखायला परवान्यावर ठेवलेली. मी बोल्ट ओढला, चेंबरमध्ये करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे धरली आणि बोल्ट जोरात पुढे ढकलून बसवला.

खट्ट.

चापाला बोटही लागलं नव्हतं. चेंबरमध्ये काडतूस असतं तर?

मी कंग्राळीचा. उद्यमबागेत लेथवर वर्षं काढली, मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक दुकानात बसलो. लेथवर मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तर जॉब वाया जायचा, एवढंच. इथे तसं नाही.

ही रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली. बोल्ट पुढे सारताना स्प्रिंग दाबली जाते आणि फायरिंग पिनमागचा दात सीअरच्या, म्हणजे चाप ओढल्यावर सरकणाऱ्या तुकड्याच्या, कडेवर अडतो. नखाच्या कोरीएवढी ती कड सगळा दाब पेलते. भिंगाखाली धरली तर कानशीचे आडवेतिडवे ओरखडे दिसले, कोपरा झिजल्या खुरप्यासारखा गोल. कुणीतरी आधीच 'हलका' करून दिला होता. अशा भागाचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. कानस ती साल काढून टाकते, आणि खालचं मऊ लोखंड दर झटक्याला आणखी झिजतं. म्हणून मी सीअर घासत नाही, बदलतो. स्प्रिंगही कापत नाही.

नवा भाग बसवल्यावर खरं काम सुरू होतं. रिकाम्या रायफलीचा बोल्ट वीस वेळा आपटून बंद करायचा. मग घोडा चढवून रबरी हातोडीने दस्त्यावर, नळीवर, बाजूने ठोकायचं. शेवटी सेफ्टी लावून चाप पूर्ण दाबायचा, सोडायचा, आणि सेफ्टी काढायची. त्या क्षणी पिन सुटली तर सगळं पुन्हा उघडायचं. ही शेवटची कसोटी मी कुणासाठीही चुकवत नाही. मोठ्या कारखान्यालाही चाप चकवतो: अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीने २०१४ साली मॉडेल ७०० च्या कितीतरी रायफली परत मागवल्या. त्या २००६ ते २०१४ मध्ये बनलेल्या. चापाच्या जुळणीत चिकटद्रव्य जास्त गेलं होतं आणि गोळी आपोआप सुटण्याचा धोका होता.

जड चापाने नेम हलतो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण हा चाप दोन टप्प्यांचा: आधी मोकळा येतो, मग अडतो. अडला की श्वास धरून बोटाच्या पेराने सरळ मागे दाबायचं. रिकाम्या रायफलीवर मी त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. बारा-पंधरा वेळांनी नळीवर ठेवलेलं नाणं पडेनासं झालं.

"जडच हाय की पण," ते म्हणाले.

"हाय," मी म्हणालो, आणि रजिस्टर सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवलं. घासलेला सीअर मात्र त्यांना दिला नाही. तो ड्रॉवरमध्ये आहे, पुढचा कुणी हलका खटका मागायला येईल त्याला भिंगातून दाखवायला.