घराआधी शेजार

मुंब्रा सोडून गावाकडे राहायला जायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. 1992-93च्या दंगलीनंतर इतर अनेक कुटुंबांप्रमाणे अब्बा इथे आले. आपल्या माणसांत निर्धास्त झोप लागावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही मात्र आपल्या विचारांचं गाव शोधू लागलो. मतदान केंद्रांचे आकडे काढले आणि मनासारखी मतं न पडलेली गावं यादीतून खोडली. आम्ही शेतकरी नसल्यानं शेतजमीन घेता येत नव्हती, म्हणून एनए प्लॉट पाहत होतो. असाच एक प्लॉट सांगली जिल्ह्यातल्या, आम्ही खोडलेल्या एका गावात निघाला.

तिथल्या मस्जिदीसमोर चहा पिताना एक हकीकत कळली. 29 जून 2023 रोजी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. गावातल्या मुस्लिमांनी त्या दिवशी फक्त नमाज अदा केली. कुर्बानी दुसऱ्या दिवशी. शरीअतनं तीन दिवसांची मुभा दिलेलीच आहे.

“कुणी सांगितलं होतं का?” आम्ही विचारलं.

“सांगायला कशाला पाहिजे? शेजारी उपास असतो,” शेजारच्या बाकावरचे माळकरी आजोबाच बोलले.

घराआधी शेजार पाहावा, ही अरबी म्हण आम्हाला ठाऊक होती. तरी आम्ही आकडेच पाहत बसलो.

अम्मी अजून राजी नाहीत. “रात्री काही झालं तर कुणाचं दार वाजवायचं?” त्या विचारतात. त्यांनी दंगल पाहिली आहे. त्यांची भीती खोटी नाही. मेच्या सुट्टीत त्यांना आठवडाभर तिथे नेऊ. त्यांनी होकार दिला तरच विसार देऊ, इन्शाअल्लाह.