मुदत शिल्लक असूनही

संपादकांना विमानतळावरच्या गमतीजमती हव्या होत्या. कोण नटनट्या भेटल्या, कोणाच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटली, असलं काहीतरी. मी म्हटलं, लिहीन तर पासपोर्टच्या मुदतीवर लिहीन. ते जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल, पण फार तांत्रिक नको." प्रयत्न करते. माझी सगळी नोकरी सहारला गेली. आधी एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर आणि नंतर त्याच काउंटरांची ड्यूटी मॅनेजर म्हणून. आता निवृत्तीनंतर नव्या पोरापोरींना कागदपत्रं तपासायला शिकवते. आमच्यात त्याला 'डॉक चेक' म्हणतात. प्रवाशाला वाटतं, बाई उगाच पानं उलटत बसलीय.

हा विषय डोक्यात बसला तो गेल्या उन्हाळ्यातल्या एका प्रकरणामुळे. कराडकडचं एक जोडपं, दोघंही निवृत्त शिक्षक. मुलगी जर्मनीत, तिचं बाळंतपण, म्हणून मेच्या मध्यावर निघाले आणि जूनअखेर परतणार होते. शेंगेन व्हिसा रीतसर मिळालेला. काकांच्या पासपोर्टची मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काकूंचा तर अगदी नवा कोरा. काउंटरवरच्या मुलानं काकांचा पासपोर्ट बघितला, बोटांवर महिने मोजले आणि सांगितलं, "सहा महिने लागतात, पाचच आहेत. नाही जाता येणार." बॅगा पट्ट्यावरून परत आल्या. डिंक, अळीव, सुंठ, बाळाची दुपटी असं सगळं त्यात. काकू एकट्या जाऊ शकत होत्या, त्या गेल्या नाहीत. कोणीतरी माझा नंबर दिला म्हणून काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला, आणि त्या रात्री त्याच कंपनीच्या दुसऱ्या शिफ्टनं त्या दोघांना त्याच कागदांवर विमानात बसवलं. नव्या तिकिटांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

पहिल्या रात्रीचा मुलगा चुकला होता. शेंगेन देशांची सीमा-नियमावली २०१६ सालची आहे, तिच्या सहाव्या कलमात पाहुण्याच्या पासपोर्टसाठी दोन अटी आहेत. तिथून निघण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर तो निदान तीन महिने चालला पाहिजे, आणि तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असला पाहिजे. सहा महिन्यांचा त्यात उल्लेखही नाही. काका जूनअखेर परत येणार, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत हवी, होती ऑक्टोबरपर्यंत. व्हिसा देणाऱ्यांनीही हाच हिशेब करूनच शिक्का मारला होता.

मग 'सहा महिने' आले कुठून? ते खोटे नाहीत. सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती हे आपल्या लोकांचे लाडके देश सहा महिने मागतात. इंडोनेशिया आणि अमिराती ते उतरण्याच्या दिवसापासून मोजतात. दुबई-बालीच्या टूर इतक्या निघतात की काउंटरवर दिवसभर हाच नियम तोंडात असतो आणि मग तो सगळ्या जगाला लावला जातो. ब्रिटनला मुक्कामापुरती मुदत पुरते, जपानलाही. नेपाळला तर भारतीय माणूस मतदार ओळखपत्रावर जातो.

लोकांचा गैरसमज उलट्या बाजूचा. लोकलचा पास शेवटच्या तारखेच्या रात्रीपर्यंत चालतो, तसाच पासपोर्टही चालणार असं ते धरून चालतात. पासपोर्टवर छापलेली तारीख भारत सरकारनं दिलेली असते, तिच्या किती आधी तुम्हाला दारात उभं करायचं नाही हे समोरचा देश ठरवतो. आणि अडवणारा बहुतेक वेळा सरकारी माणूस नसतोच. "इमिग्रेशननं अडवलं" असं लोक घरी जाऊन सांगतात. अहो, तुम्ही इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत पोचलाच नव्हता, तुम्हाला विमान कंपनीनं अडवलं.

कंपनीला एवढी पडलेली का असते, ते सांगते. चुकीच्या कागदांवर माणूस नेला आणि तिकडच्या अधिकाऱ्यानं प्रवेश नाकारला, तर त्या प्रवाशाला आमच्या भाषेत 'इनॅड' म्हणतात. त्याला परत आणायची जबाबदारी नेणाऱ्या कंपनीची, वर दंड. ब्रिटननं १९८७ साली यासाठी खास कायदा केला, तेव्हा माणशी हजार पौंड दंड होता, पुढे तो दोन हजार झाला. भारतानं २००० साली असाच कायदा केला आणि दंड ठेवला एक लाख रुपये. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानं तो जुना कायदा गुंडाळला, ओझं मात्र कंपनीच्याच खांद्यावर राहिलं. आता काउंटरवरच्या मुलाच्या जागी उभे राहा. समोर रांग वाढतेय, मागून फ्लाइट बंद करायची घाई. चुकीच्या माणसाला पाठवलं तर त्याच्या नावावर मेमो निघतो. बरोबर माणसाला अडवलं तर त्याला कोणी विचारतसुद्धा नाही. तो काय करेल?

खरं तर त्याच्या पुढ्यातच उत्तर असतं. 'टिमॅटिक' नावाची एक माहितीप्रणाली आहे, विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयटा ती चालवते. नागरिकत्व, कुठून कुठे, पासपोर्ट कधी संपतो, मुक्काम किती, एवढं भरलं की कोणता देश काय मागतो ते पडद्यावर येतं. मिनिटभराचं काम. मी वर्गात रोज बजावते की बोटांवर मोजू नका, टिमॅटिक उघडा. मान डोलावतात आणि काउंटरवर गेल्यावर पुन्हा बोटं.

आता माझ्या आवडीचा वाद. संपादकांनी इथे कात्री लावली तर मी समजून घेईन. ब्रिटिश पासपोर्ट दहा वर्षांचा, पण कोणी मुदतीआधी नवा केला तर उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात मिळवून देत. त्यामुळे दहा वर्षं नऊ महिन्यांचे पासपोर्ट लोकांच्या हातात होते. सप्टेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बंद झाली, पण जुनी पुस्तकं चालूच राहिली. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर कोणाचंच अडलं नाही. २०२१ उजाडलं, ब्रिटिश माणूस शेंगेनसाठी परका झाला आणि ते सहावं कलम त्याला लागू झालं.

गोंधळ इथे झाला. अटी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या दिवशी तपासायच्या. शिरताना पुस्तक दहा वर्षांच्या आतलं हवं. निघताना छापील मुदतीला तीन महिने शिल्लक हवेत. काही कंपन्यांनी दोन्ही एकत्र कालवल्या. पासपोर्ट दहाव्या वर्षीच संपतो असं धरलं आणि तिथून तीन महिने मागे मोजले. समजा पासपोर्ट १ जून २०१२ ला दिलेला आहे आणि त्यावर मुदत छापलीय १ फेब्रुवारी २०२३. माणूस १० मे २०२२ ला पॅरिसला जाऊन २० मे ला परत येणार. शिरताना पुस्तकाला दहा वर्षं व्हायची आहेत, ठीक. निघताना मुदतीला आठ महिन्यांहून जास्त आहेत, तेही ठीक. पण कालवलेल्या हिशेबानं त्याचा पासपोर्ट १ मार्चलाच बाद! अशी माणसं विमानतळावरून परत पाठवली गेली. ब्रिटिश सरकारच्या प्रवाससूचनेतसुद्धा काही काळ असंच धूसर लिहिलेलं होतं. वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, मग युरोपीय आयोगानं दोन्ही अटी स्वतंत्र असल्याचं स्पष्ट केलं आणि कंपन्यांनी तक्ते बदलले.

भारतीय पासपोर्टला यातलं काही लागत नाही. आपल्याकडे नवा पासपोर्ट दिल्या तारखेपासून बरोबर दहा वर्षांचा, जुन्यातले उरलेले महिने बुडीत. तरी मी हे वर्गात शिकवते, कारण सहारच्या काउंटरवर ब्रिटिश पासपोर्टवाले जोशी, पाटील आणि शिंदे रोज येतात. आणि दुसरं कारण, शिकल्यासवरल्या माणसांनी एक वाक्य नीट न वाचल्यामुळे काय होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

अमेरिकेकडे वळते, कारण पुण्याचं अर्धं मन तिथे असतं. अमेरिकेचा नियम मुक्कामापुढे सहा महिन्यांचाच, पण काही देशांशी त्यांचा समझोता आहे. त्या यादीत भारत आहे, त्यामुळे आपल्याला मुक्कामापुरती मुदत पुरते. दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टवर असेल तर तोही चालतो, दोन्ही पुस्तकं सोबत ठेवायची आणि व्हिसाचं पान फाटलेलं नसावं. इथवर सगळं गोड. खरी मेख पलीकडच्या विमानतळावर आहे. एच-वन-बीवरचा मुलगा लग्न करून परत जातोय, कंपनीची मंजुरी अजून अडीच वर्षांची, पासपोर्टला मात्र आठच महिने. आम्ही त्याला आनंदानं बसवतो. तिकडचा अधिकारी बरेचदा त्याच्या आय-९४ या प्रवेशनोंदीवर मुक्कामाची शेवटची तारीख घालतो ती पासपोर्ट संपण्याची. मुलगा मंजुरीच्या कागदावरची तारीख लक्षात ठेवून निर्धास्त राहतो. पुढे वकिलातीतून नवा पासपोर्टही घेतो, पण त्यामुळे आय-९४ आपोआप वाढत नाही. देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर पुन्हा शिरावं लागतं किंवा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. उतरल्यावर आय-९४ संकेतस्थळावर बघता येतो, पाच मिनिटं लागतात. किती जण बघतात? मी आपली विचारत असते, आणि समोरची आई म्हणते, "त्याचं सगळं कंपनी बघते हो."

मुदत शिल्लक असून निकामी झालेले पासपोर्ट या देशानं मोठ्या संख्येनं पाहिले आहेत, हे लोक विसरले. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे वीस वर्षांचे हस्तलिखित पासपोर्टही दिले गेले होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २४ नोव्हेंबर २०१५ नंतर यंत्रानं वाचता न येणारे पासपोर्ट चालणार नाहीत असं ठरवलं, आणि वर्षं बाकी असलेली ती पुस्तकं कपाटात गेली. यंत्र वाचतं त्या खालच्या दोन ओळी, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. दुसऱ्या ओळीत मुदतीची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकड्यांत असते आणि तिच्यामागे एक पडताळणीचा आकडा. तारखेच्या आकड्यांना ओळीनं ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ नं गुणायचं, बेरीज करायची, एकम स्थानचा अंक तो. १५ मार्च २०२६, म्हणजे २६०३१५, बेरीज ६१, आकडा १. शाईनं तारीख 'सुधारून' आणणारे महाभाग इथे सापडत. तांत्रिक नको म्हणाले होते, माहीत आहे.

सर्वांत जास्त रडारड मात्र लहान मुलांपायी होते. आईवडिलांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाचच वर्षांचा. चौघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असतात, म्हणून चौघांची मुदतही एकच असं घरात सगळ्यांनी धरलेलं असतं. मग बालीच्या रांगेत सहा वर्षांची मुलगी निऑन रंगाच्या ट्रॉलीबॅगवर बसलेली आणि तिच्या पासपोर्टला साडेचार महिने. इथे आमच्याही हातात काही नसतं, नियम खरोखरच सहा महिन्यांचा असतो. बाप आवाज चढवतो, आई तारखेवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचते. अशा वेळी काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

माझ्या सल्ल्यात एक विसंगती आहे, ती लपवत नाही. वर्गात मी सांगते की सहा महिने हा सरसकट कायदा नाही. नात्यागोत्यात सांगते की वर्ष राहिलं की पासपोर्ट रिन्यू करून टाका, वाद नको. सगळे असंच वागले तर काउंटरवरची चुकीची सवय आणखी पक्की होणार, कारण तिला कोणी आव्हानच देणार नाही. ज्याला ऐन वेळी निघावं लागतं, मुलीचं बाळंतपण, भावाचं आजारपण, त्याच्या वाट्याला ती सवय येणार. यावर माझ्याकडे उपाय नाही. तरी नात्यातल्यांना मी तेच सांगत राहणार.

तेव्हा या दिवाळीत कपाट आवरताना पासपोर्ट बाहेर काढा, मुलांचे आधी. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो, मोठ्यांच्या ३६ पानांच्या पुस्तकाला १५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २०००. आणि मुदत कमी असून निघायची वेळ आलीच, तर त्या देशाच्या अधिकृत पानावरचा नियम छापून जवळ ठेवा. "नाही जाता येणार" असं कोणी म्हटलं तर आवाज न चढवता सांगा, "टिमॅटिक उघडून दाखवा." तरीही अडलं तर ड्यूटी मॅनेजरला बोलावून घ्या. संकोच करू नका, त्यांना पगार त्याचाच मिळतो.