वाचलें, पण समजलें काय?

आमच्या वर्गांतील एक मुलगा इतका अस्खलित वाची कीं, आम्ही त्यास नेहमीं पूर्ण गुण देत असूं. एके दिवशीं सहज विचारलें, "बाळ, बैल विकून परततांना धड्यांतला म्हातारा कां रडला?" तो बोटानें ओळी धुंडूं लागला. उत्तर तेथें छापलेलें नव्हतें! चूक आमचीच; आम्हीं जिव्हा तपासली, समज नव्हे.

१९८४ सालीं अमेरिकेंत पॅलिन्सार व ब्राउन या विदुषींनीं एक रीत प्रसिद्ध केली. मुलांनीं आळीपाळीनें शिक्षक व्हावें; उताऱ्यावर प्रश्न काढावे, सारांश सांगावा, अडलेलें उलगडावें, पुढें काय येईल तें ताडावें. आम्हीं ती आरंभिली. पहिला आठवडा गोंधळांतच गेला. परवां तोच मुलगा शिक्षक होऊन विचारता झाला, "सर, बैल गेला म्हणून म्हातारा रडला, कीं आपणच तो विकला म्हणून?"

उत्तर देण्यास आम्हांस अंमळ वेळ लागला.