ओल असेपर्यंत

९ मे २०२४, मुलुंड

काल अमावास्या झाली, म्हणजे आज उधाणाची ओहोटी. सकाळी लवकर भांडुप पंपिंग स्टेशनमागच्या खाडीवर गेलो. पाणी पार आत गेलं होतं आणि चिखलावर निवट्याच निवट्या. आमच्या बाजारातली कोळीणमावशी पाटीत जित्या निवट्या विकते; ओल असेपर्यंत मरत नाहीत, म्हणते. ते अगदी खरं आहे. हा मासा कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून वर येतो आणि ओल्या कातडीतल्या, तोंडाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून हवेतला प्राणवायू घेतो. कातडी सुकली तर श्वास कोंडेल, म्हणून मधूनमधून चिखलात लोळण. डोळेही आत ओढून ओले करून घेतो.

मला याहून मोठी वाटते ती आत चाललेली, न दिसणारी गोष्ट. मासे शरीरातला अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडतात. भोवती पाणीच नसलं की हे विष साठत जातं. निवट्यांच्या काही जाती अशा वेळी प्रथिनं मोडण्याचं कामच मंद करतात. विष मुळातच कमी तयार होतं. भरतीला बुडायचं, ओहोटीला उघडं पडायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या सोसता सोसता शरीराच्या आतलं वेळापत्रकच खाडीचं झालंय.

१५ मे, घाटकोपर

ताईकडे. समोरच्या चाळीच्या पत्र्यावर दुपारी एक कावळा चोच वासून, पंख अंगापासून सुटे धरून बसला होता. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. अंगाचं तापमान एरवीही ४० अंशांच्या वर. धापा टाकून तोंडा-घशातली ओल उडवायची, तीच उष्णता घेऊन जाते. विदर्भातल्या कोरड्या उन्हात ही युक्ती चांगली चालते. इथे हवाच दमट, ओल उडता उडत नाही. धापा वाढतात आणि त्या धापांचीही उष्णता होते. पारा नागपूरपेक्षा कितीतरी खाली असूनही मुंबईतले कावळे-घारी बेजार का होतात, ते त्यात आलं. ताईने गॅलरीत परातीत पाणी ठेवलं. सावलीत ठेव म्हटलं.

२१ मे

काल मतदान करून आलो, रात्री झोपलो आणि सकाळी बातमी: घाटकोपरला फ्लेमिंगोंचा थवा उतरणाऱ्या विमानावर आदळला. पंतनगरच्या लक्ष्मीनगर भागात तीसहून अधिक पक्षी मरून पडले. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

किती तयारीचा पक्षी हा! खाऱ्या पाण्यात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातो. पोटात जाणारं जास्तीचं मीठ मूत्रपिंडांना एकट्याने झेपत नाही, म्हणून डोळ्यांजवळच्या ग्रंथी ते रक्तातून वेगळं काढतात आणि नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. खाडीकाठच्या तिवराची पानंही आपलं मीठ असंच ग्रंथींतून बाहेर सोडतात. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडांचा. पिल्लं राखाडीच जन्मतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण अभयारण्याची हद्द नकाशावर आखलेली असते. हे पक्षी रात्रीचेही उडतात आणि त्यांची वाट आपल्या छपरांवरून जाते. मिठाची तोड या शरीराला सापडायला लाखो वर्षं मिळाली. विमानासाठी तेवढा वेळ कुणीच देणार नाही; तिथे बदलायचं ते आपणच.

१० जून

काल मान्सून मुंबईत आल्याचं जाहीर झालं. आता डोंगरावरचं गोडं पाणी खाडीत उतरेल आणि बोयसारख्या माशांना आतली सगळी कामं उलटी फिरवावी लागतील. खाऱ्या पाण्यात मासा पाणी पितो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी मीठ बाहेर फेकतात. पाणी गोडं झालं की पिणं जवळजवळ बंद, लघवी पातळ आणि भरपूर, आणि तेच कल्ले मीठ आत ओढू लागतात. हा पालट जमण्यापुरते दिवस त्याला मिळायला हवेत. त्याच पाण्यात सांडपाण्यामुळे प्राणवायू कमी असला, तर मीठ ओढायला लागणारी शक्ती त्याने आणायची कुठून?

रात्री आमच्या इमारतीमागे बुलफ्रॉगांचा गजर सुरू झाला. मुलुंडची ही बाजू राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकलेली, म्हणून अजून ऐकू येतात. टॉर्चच्या उजेडात दोन नर दिसले, अंगाने लिंबासारखे पिवळे, गळ्याच्या पिशव्या निळ्या. विणीपुरताच हा रंग. उन्हाळाभर हे प्राणी जमिनीखाली होते: हालचाल नाही, खाणं नाही, प्राणवायूची गरज अगदी कमी, साठवलेल्या चरबीवर निभावलेलं. मूत्राशयातलं पाणीही शरीराने परत शोषून घेतलेलं. पण त्यासाठी अंग मुरवायला मऊ माती लागते, आणि सोसायटीत त्याच कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटतंय. रविवारच्या सभेत मी विरोध करणार आहे. पार्किंगला एक गाडी कमी बसेल, बसू दे.