आईचा हिशेब आणि पेंग्विन

आमच्या घरातला संगणक सुरू व्हायला किती वेळ लागायचा, सांगू? आई बटण दाबायची, स्वयंपाकघरात जायची, कुकर चढवायची, कांदा चिरायची आणि तिसरी शिट्टी झाली की हात पुसत बाहेर यायची. तोवर पडद्यावर कुठे ते हिरवं माळरान आणि निळं आकाश उमटलेलं असायचं!

आमचं गाव मुलचेरा. गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गावाभोवती धानाची शेतं आणि त्यापलीकडे जंगल. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद, वीज बंद आणि मोबाइलची रेंजही बंद. अशा गावात बाबांनी २०१२ मध्ये चंद्रपूरहून एक जुना संगणक आणला. पेंटियम ४ जातीचा, १ जीबी मेमरी, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. त्या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. तरी आमचं गाडं तसंच रखडत चाललं होतं.

त्यावर मुख्य काम होतं आईचं. ती महिला बचत गटाची सचिव. गटात बारा जणी. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये जमा, कुणाचं कर्ज, कुणाचा हप्ता. हे सगळं आई संगणकावरच्या एका तक्त्यात भरायची. अध्यक्ष होत्या बंगाली काकी. आमच्या तालुक्यात बंगाली बोलणारी बरीच गावं आहेत, बरं का! १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांना सरकारनं इथं वसवलं. त्यामुळे आमच्याकडे मराठी, गोंडी, बंगाली अशा सगळ्या भाषा कानावर पडतात.

ही गोष्ट २०२० सालची. मी तेव्हा नववीत होतो. मार्चपासून शाळा बंद. घरात मोबाइल एकच, तोही दिवसभर बाबांबरोबर बाहेर. अभ्यासाची पुस्तकं संगणकावर उघडावीत म्हटलं, तर एक पान उलटायला मिनिटभर! दिवाळीला चंद्रपूरचा मामा आला. त्यानं संगणकाकडे पाहिलं आणि म्हणाला, “भाचेबुवा, हा म्हातारा नाही झालेला. याच्या पाठीवर ओझं जास्त झालं आहे. हलकं लिनक्स टाकून बघू.”

मग मामानं मला समजावलं. संगणकाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही सामान असू द्या, काम होतं ओट्यावर. ओटा लहान आणि त्यावर दहा पातेली मांडली, तर पोळी लाटायची कुठं? मग दर वेळी एक पातेलं फडताळात ठेवा, दुसरं काढा. संगणक रखडतो तो या ने-आणीत. हलकी प्रणाली म्हणजे ओट्यावर मोजकीच भांडी!

लिनक्सचा गाभा लिहिला लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं, १९९१ मध्ये. तो तेव्हा २१ वर्षांचा होता. त्यानं तो सर्वांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. म्हणून जगभर लोकांनी त्याभोवती आपापल्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या प्रणाली बांधल्या. एकाच कणकेच्या कुणी पोळ्या केल्या, कुणी पुऱ्या, कुणी शंकरपाळे! आणि लिनक्सचं बोधचिन्ह आहे एक गुबगुबीत पेंग्विन.

मामानं तीन तबकड्या आणल्या होत्या. त्याची गंमत अशी की, हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या तबकडीवरून ही प्रणाली चालवून बघता येते. आवडली तर ठेवा, नाहीतर तबकडी काढा. मी वहीत तक्ता आखला: सुरू व्हायला किती वेळ, मेमरी किती खाते, मराठी दिसते का, मोबाइल तारेनं जोडून इंटरनेट येतं का.

पहिली होती टायनी कोअर. पडद्यासकट सारी प्रणाली वीस एमबीच्या आत! डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सुरू. पण आत काहीच नाही. रिकाम्या खोलीत राहायला गेल्यासारखं. जे हवं ते एकेक इंटरनेटवरून आणायचं, आणि आमच्या गावची रेंज तुम्हाला सांगितलीच आहे.

दुसरी पपी लिनक्स. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. त्यांच्या छोट्या कुत्र्याचं नाव होतं पपी, तेच प्रणालीला दिलं. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा स्पीकरमधून चक्क भुंकली! ही सगळीच्या सगळी ओट्यावर मांडून बसते, म्हणून चपळ. आणि तिच्यातून हार्ड डिस्कवरच्या फायलीही दिसत होत्या. आईचा हिशेबाचा तक्ताही दिसला. मामा म्हणाला, “आधी ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. मग काय खेळायचं ते खेळ.”

मी “हो” म्हणालो.

मित्रांनो, त्या “हो”नंतर दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

मामा चंद्रपूरला परत गेला. तिसरी तबकडी उरली होती, अँटीएक्स. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मोठ्या प्रकल्पावर ती बेतलेली आहे. ५१२ एमबी मेमरीतही नीट चालते, आणि ऑफिसचं कामही तिच्यात होतं. तबकडीवरून चालवून पाहिली, छान वाटली. मग म्हटलं, आता पक्कीच बसवू. दुपारची वेळ, आई शेतावर. इंग्रजीत प्रश्न येत होते, मी धडाधड ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत होतो. एक प्रश्न असा होता की, सगळी डिस्क वापरू, की तुम्ही जागा ठरवून देता? मी दाबलं, सगळी वापर.

अर्ध्या तासानं संगणक नव्यानं सुरू झाला. झटपट! मी टाळ्या पिटल्या. मग फायली शोधायला गेलो. एकही नव्हती. फोटो नव्हते, गाणी नव्हती आणि आईचा तक्ताही नव्हता.

पोटात गोळा आला. ‘वीज गेली आणि बिघडला’ असं सांगावं, असं क्षणभर वाटलं. आमच्या गावात ते कुणालाही खरं वाटलं असतं! पण संध्याकाळी आई आली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, “असा गप कायले बसला रे? काय करून ठेवलं?” मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

आई ओरडली नाही. ती खाली बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “ते पैसे माझे नाहीत रे. बारा जणींचे आहेत.”

त्या वाक्यापेक्षा दोन धपाटे बरे वाटले असते.

जूनपर्यंतचा हिशेब कागदी वहीत होता. पण जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत कोरोनामुळे बैठका झाल्याच नव्हत्या. बायका येता-जाता दारात पैसे देऊन जायच्या आणि आई थेट संगणकात नोंद करायची. कुणाच्या पासबुकात काही लिहिलेलं नव्हतं. बारा जणी, चार महिने, म्हणजे बचतीच्या ४८ नोंदी. शिवाय कर्जाचे हप्ते वेगळे.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “चल माझ्यासंगं. तूच सांग सगळ्यांना.” तोंडाला रुमाल बांधून आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक दारात मी म्हणायचो, “मावशी, माझ्या चुकीनं हिशेब पुसला. तुम्ही किती दिले, आठवतं का?” कुणी हसलं, कुणी काळजीत पडलं. एका आजीनं मात्र विचारलं, “माझे पैसे गेले का रे बापू?” पैसे बँकेत आहेत, फक्त नोंद गेली, हे तिला समजावताना माझा घसा दाटून आला.

शेवटी बंगाली काकींकडे गेलो. त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. दर महिन्याला बँकेत पैसे भरायला जाण्याआधी त्या कुणाचे किती ते स्वतःसाठी उतरवून ठेवत. सगळं होतं! पण बंगाली अक्षरांत. नावं त्यांनी वाचून दाखवली. आकडे मी म्हटलं, मीच उतरवतो, त्यात काय कठीण आहे!

घरी येऊन बेरीज केली, तर बँकेच्या पासबुकापेक्षा ४०० रुपये जास्त. रात्री अकरापर्यंत डोकं खाजवलं. सकाळी पुन्हा काकींकडे. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि खळखळून हसल्या. बंगालीतला चार दिसतो हुबेहूब इंग्रजी आठसारखा! चारशेचा हप्ता मी आठशे लिहिला होता. बाकीच्या आठांवर मी बोट ठेवत गेलो, त्या वाचत गेल्या. हिशेब रुपयाला रुपया जुळला. आईनं देवापुढे साखर ठेवली.

आता सांगा, त्या संगणकाचं मी पुढं काय केलं असेल? बाबा म्हणाले होते, ठेवून दे माळ्यावर. पण आई म्हणाली, “ज्यानं बिघडवलं, त्यानंच नीट करावं.”

मग मी अँटीएक्स आमच्या घरासाठी बेतायला बसलो. कापड तेच, पण आता ते आईच्या मापाचं शिवायचं. सुरू होताना आपोआप चालू होणारी, आम्हाला नको असलेली कामं बंद केली. पडद्यावर तीनच मोठी चित्रं ठेवली आणि खाली मराठीत लिहिलं: हिशेब, अभ्यास, गाणी. अक्षरं मोठी केली, कारण आईला चष्मा लागला आहे. हिशेबासाठी ग्नुमेरिक नावाचा हलका तक्ता टाकला. मोबाइल तारेनं जोडून, घराच्या ज्या खिडकीत रेंज येते तिथं ठेवून, रात्री-बेरात्री हे सगळं उतरवलं. शेवटी मोजलं, तर बटण दाबल्यापासून दीड मिनिटात तयार, आणि मेमरी २०० एमबीच्या आत!

मग मराठी. त्यासाठी इनस्क्रिप्ट नावाची कळफलकाची मांडणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आईनं कागदाचे बारीक तुकडे कापून त्यावर अक्षरं लिहिली आणि चिकटपट्टीनं कळांवर डकवली. काकींना ती मांडणी दाखवताना मला एक गोष्ट उमगली. इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांसाठी सारखीच आहे! ज्या कळेवर मराठी ‘क’, त्याच कळेवर बंगाली ‘क’. मी बंगाली अक्षरं बसवली. दोन कळा एकदम दाबल्या की मराठी, पुन्हा दाबल्या की बंगाली. काकींनी एका बोटानं आपलं नाव लिहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि पदरानं डोळे टिपले. संगणकावर आपलं नाव आपल्या अक्षरांत त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढं वाचनात आलं, की आपल्या महाराष्ट्रात हा प्रकार आधीच झालेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत २००७ मध्ये मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभरच्या प्रकल्पातले. त्यांची मेमरी होती अवघी २५६ एमबी! फेडोरा हे लिनक्स मुलांसाठी बेतून त्यात बसवलं होतं. आमच्या म्हाताऱ्याकडे तर त्याच्या चौपट मेमरी. मग त्याला टाकाऊ कसं म्हणायचं?

अर्थात, सगळं काही छान आहे असं मी म्हणणार नाही. आजची जड संकेतस्थळं त्यावर अजूनही रडतखडत उघडतात. शिवाय जुन्या ३२ बिटच्या संगणकांचा काळ सरत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत त्यांच्यासाठी बसवायची तबकडी दिलेली नाही. म्हणून आता आम्ही तो इंटरनेटला जोडतच नाही. हिशेबाला इंटरनेट लागतं कुठं? उलट दुसऱ्या घरांची वेळ आता आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत देखभाल संपली. त्यातले कितीतरी संगणक आमच्या पेंटियमपेक्षा खूप तरुण आहेत. तुमच्या घरी असा एखादा असेल, तर माळ्यावर टाकण्याआधी पेंग्विनला एक संधी देऊन बघा.

पण आधी ज्यांच्या फायली आहेत त्यांना विचारा. फायली दोन ठिकाणी उतरवा. नुसत्या तबकडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आणि पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय ‘पुढे’ दाबू नका. घाई झालीच असेल, तर माझ्यासारखं बारा दारं फिरायची तयारी ठेवा!

आता मी शिकायला बाहेर असतो. सुट्टीत घरी गेलो की बघतो, महिन्याच्या बैठकीच्या दिवशी आई आणि काकी त्या संगणकासमोर शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एक आकडे वाचते, दुसरी भरते. काम संपलं की आई फाइल पेनड्राइव्हवर घेते, पेनड्राइव्ह साखरेच्या डब्यामागे ठेवते आणि माझ्याकडे बघून विचारते, “उतरवून ठेवलं ना रे?”

मी “हो” म्हणत नाही. आधी उठून डबा सरकवून बघतो, मगच “हो” म्हणतो.