डावं मागचं चाक

आमच्या घरापुढे जेमतेम उतार आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण पिकअपला कळतो. न्यूट्रल केली की ती आपणहून बाभळीपर्यंत सरकत जाते, आणि अण्णा तिथे गिअर टाकून तिला चालू करतात. बॅटरी वाचते, म्हणतात. त्या शनिवारी मी पुण्याहून घरी आलो तर म्हणाले, "गाडी आता सरकत नाही."

"टायरमध्ये हवा कमी असेल."

"कालच भरली. ॲव्हरेज पण पडलंय, बाराची गाडी दहावर आलीय. आणि मंगळवारी घाटात ब्रेक जरा खाली गेला."

शेवटचं वाक्य त्यांनी डाळ संपलीय सांगावं तसं सांगितलं. घाट म्हणजे माळशेज. अण्णा ओतूरकडून साठेक क्रेट टोमॅटो भरून रात्री निघतात, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास माल, आणि घाट उतरून मुरबाड, कल्याण करत वाशीला पोचतात. त्या उतारावर ब्रेक 'जरा खाली जाणं' म्हणजे काय, हे मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दिवसभर एक्सेल भरणाऱ्या मलाही कळत होतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ऑईल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती हमी १४० वर येते. एखादा ड्रम सतत घासून तापत असेल तर तिथलं ऑईल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.

मी काय बोललो? "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरत असाल."

"मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. तुझ्या जन्माआधीपासून."

रिकामी गाडी घेऊन दहा किलोमीटर फिरून आलो. येताना ब्रेक जवळजवळ वापरलाच नाही. घरापाशी वेग आपोआप मरू दिला आणि चारही चाकांजवळ हात नेला. जवळ, लावला नाही. तीन चाकं थंड होती. डाव्या मागच्या चाकातून चुलीसारखी धग येत होती आणि इस्त्रीखाली कपडा विसरल्यावर येतो तसा वास. ड्रमवर पाण्याचे दोन थेंब उडवले, ते चर्रकन उडाले. (बादली ओतायची नाही. तापलेलं बीड एकदम गार झालं तर तडकतं.)

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "घेऊन या, मागचा सगळा सेट बदलून टाकू." बरेचदा यातच विषय संपतो. पण काय बिघडलंय हे न कळता सेट बदलला, तर नवा सेटही तसाच जळणार होता.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, डावी बाजू जॅकवर घेतली, चासीखाली स्टेपनी आडवी सरकवली. न्यूट्रलमध्ये चाक दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे हललं. माझं निदान तयार होतं. ब्रेकचा रबरी पाइप जुना झाला की आतून फुगतो. पाय दाबला की ऑईल जोरात पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला वाट मिळत नाही आणि शू ड्रमला चिकटून राहतात. अण्णांना हे मी बरंच रंगवून सांगितलं.

ते खाली वाकून बघत होते. "मागे रबरी पाइप एकच आहे ना? मधल्या डब्यावर येतो आणि तिथून दोन्हीकडे नळ्या जातात. मग उजवं चाक मोकळं कसं?"

मी गप्प. तरी खात्री म्हणून चाकामागचं निप्पल पाव आटा सैल केलं. दाब अडकला असता तर ऑईल पिचकारीसारखं उडालं असतं आणि चाक सुटलं असतं. नुसतं ठिबकलं. चाक तसंच. म्हणजे ऑईलचा दोष नाही, आत काहीतरी अडकलंय: सिलिंडरचा पिस्टन, शूची स्प्रिंग, नाहीतर हँडब्रेकची केबल.

ड्रम सहज निघेना. मागच्या प्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर सैल केला, ड्रमच्या दोन आट्यांत बोल्ट पिळले, तेव्हा कुठे तो सुटला. कडेला निळसर डाग होते. लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले. आतली काळी धूळ अण्णा फुंकणार होते, मी हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसली.

सिलिंडरचे रबर कोरडे होते. स्प्रिंगा शाबूत. पण मागच्या शूजवळची हँडब्रेकची पट्टी पुढे ओढलेलीच होती. केबिनमधला हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. पकडीने केबलचं टोक मागे ढकललं. आधी काहीच नाही, मग कर्रर्र करत ती आत गेली आणि पट्टी जागेवर बसली. आवरणातून तांबडा गंज गळाला.

"हा हँडब्रेक मी चार वर्षांत ओढला नाही," अण्णा म्हणाले. "पहिल्या गिअरला टाकतो आणि दगड लावतो."

मागच्या रविवारी चारा आणायला पिकअप मीच नेली होती. आल्यावर अंगणात लावली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसा हँडब्रेक ओढला. चांगला करकचून. सकाळी अण्णांनी सोडला, दांडा खाली आला, दिवा विझला. चार वर्षं न हललेली केबल मात्र गंजात अडकून तशीच राहिली. उजवीकडची सुटली, डावीकडची नाही. तशा गाडीने ते मंगळवारी सव्वा टन माल घेऊन माळशेज उतरले.

मी हे त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ ड्रमकडे बघत राहिले आणि म्हणाले, "केबल सडलेली होती. आज ना उद्या कोणीतरी ओढलाच असता." मग बाजारात काय काय आणायचं ते विचारलं.

दोन्ही बाजूंच्या केबल बदलल्या, दोन्हीकडे नवे लायनर टाकले. एकाच बाजूला टाकले तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. ऑईल पूर्ण काढलं. चहाच्या रंगाचं झालं होतं. नवं भरून हवा काढायला अण्णा पेडलवर बसले, मी खाली. "दाब." "दाबलं." "धरून ठेवा." असं अंधार पडेपर्यंत. रविवारी सकाळी न्यूट्रल केली तर गाडी बाभळीपर्यंत सरकत गेली.

मंगळवारी रात्री मी झोपलो नव्हतो. दीड वाजता फोन आला. मागे टपरीवरचा स्टोव्ह ऐकू येत होता.

"टोकावड्याला थांबलोय चहाला. चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला."

"मग?"

"डावं गरम आहे. पण उजव्याइतकंच."